भिंतीपलीकडचं हसणं

इटलीतल्या ट्रिएस्टेत निवेस मावशीचा शनिवार ठरलेला असे: काकांबरोबर समुद्रावर जायचं आणि किनारा दोन भागांत वाटणाऱ्या भिंतीपाशी वेगळं व्हायचं. इकडे बायका, तिकडे पुरुष. तूरिनहून दोन दिवसांसाठी येणाऱ्या माझ्या दारिओसाठीही तिने हाच बेत आखला.

"मावशी, तो लग्नाचं विचारेल असं वाटतंय. त्यात मध्ये भिंत?"

"भिंतीला घाबरून पळणारा नवरा हवाय कशाला?"

शनिवारी भिंतीपलीकडून पुरुषांचं हसणं आलं. त्यात दारिओचंही होतं. एवढं काय बोलत असतील?

मावशी पीच कापत म्हणाली, "इतकी वर्षं मलाही हेच कोडं. म्हणून तर दर शनिवारी यांना तेच विचारत चालत घरी जाते."

निघताना किनाऱ्याच्या फाटकाशी दारिओ दिसताच मी लग्नाचं विसरून विचारलं, "काय बोलत होतात रे?"

"चल, चालता चालता सांगतो."

मागून मावशी काकांना म्हणाली, "घ्या, झालं यांचं लग्न!"