घरचं का जारचं?

जारवाल्या आप्पांनी स्वतःच्या कारखान्यातलं पाणी कधी तोंडाला लावलं नाही. ताडकळस आणि आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी, तेरावी आणि निवडणुकीच्या सभा ज्यांच्या जारांवर पार पडल्या, ते आप्पा कुणाच्याही घरी गेले की पुढे आलेल्या पेल्याकडे बघून आधी विचारत, "घरचं हाय का जारचं?" घरचं असलं तर घटाघटा पीत. जारचं निघालं तर हात जोडून म्हणत, "आज उपास हाय, निर्जळी." त्यांना इतके निर्जळी उपास घडत, की गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचा दाखला द्यायच्या.

आमचं घर कारखान्याला लागून. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बोअर, एक टाकी आणि भिंतीवर निळ्या अक्षरांत 'शुद्ध व थंड पाणी'. पाणी गाळायचं यंत्र दुसऱ्याच वर्षी बिघडलं. आप्पांनी ते दुरुस्त केलं नाही, त्याच्यावरचे हिरवे दिवे तेवढे चालू ठेवले. मी विचारलं तर म्हणाले, "गुरुजी, गिऱ्हाईक यंत्र बघत न्हाई, दिवे बघतंय." मग पाणी शुद्ध कसं, हा माझा मास्तरी प्रश्न. "शुद्धचं देवाला ठाऊक. थंड हाय का न्हाई ते बोला." थंड होतं, हे मला कबूल करावं लागलं.

स्वतःसाठी मात्र ते रोज सकाळी पितळी तांब्या घेऊन आमच्या अंगणात यायचे. तिथे माझ्या वडिलांनी खोदलेला आड होता. आप्पा स्वतः पोहरा सोडून पाणी शेंदायचे, काठावर बसून पहिला तांब्या तिथेच संपवायचे आणि दुसरा घरी न्यायचे. "वैनी, तुमच्या आडाचं पाणी म्हंजे साखर हाय, साखर!" माझी बायको पालमची, जिभेला धार. ती म्हणायची, "मग तुमच्या बोअरला सांगा की, आमची साखर ओढू नको म्हणून." कारण आप्पांचे बोअर दर उन्हाळ्यात आणखी खोल जात होते आणि आमच्या पोहऱ्याला दर उन्हाळ्यात आणखी लांब दोर लागत होता. आप्पा मोठ्याने हसत आणि तांब्या भरून निघून जात.

आता एवढं ऐकून कुणी म्हणेल, लबाड माणूस होता. होताच. पण माझ्या बायकोला डेंग्यू झाला तेव्हा याच लबाडाने आपली गाडी काढून तिला परभणीला नेलं आणि तिचा ताप उतरेपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. माझे सख्खे भाऊ फोनवर काळजी करत होते. आप्पा वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

गावाला असली पंचाईत नव्हती. आमच्याकडे उद्योजकाचं मोठेपण मोजायचं माप एकच, दारात किती चाकं उभी आहेत. ती आप्पांच्या दारात भरपूर होती, म्हणून त्यांना 'उद्योगभूषण' म्हणायचं ठरलं, आणि आमच्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेला तेच पाहुणे. विषय मीच खोडसाळपणे ठेवला होता: उद्योजक मोठा कशाने, पैशाने की नीतीने? सातवीतली एक मुलगी नीतीच्या बाजूने अशी बोलली, की मला चष्मा काढून पुसावा लागला. आप्पांनीही डोळे पुसले. मग उठून म्हणाले, "पोरीनं नीतीचं लय ग्वाड सांगितलं. पर आजचा मंडप, खुर्च्या, बक्षिसं, ही नीतीनं दिली का पैशानं?" टाळ्यांनी पत्रे हादरले. पहिलं बक्षीस पैशाच्या बाजूने बोललेल्या मुलाला गेलं. समारोपाला त्याच मुलीने पाहुण्यांसमोर पाण्याचा पेला धरला. जारचाच. आप्पांच्या दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं भजं होतं. "आज उपास हाय, बाळा," ते म्हणाले. मुलगी भज्याकडे बघत राहिली. सभा मात्र त्यांच्या निष्ठेने गहिवरली.

पुढच्याच चैत्रात आमचा आड आटला. पोहरा तळाला टेकून रिकामा वर आला. बायको काठावरून आत वाकली आणि म्हणाली, "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येईल." ती आडाबद्दल बोलत होती की आप्पांबद्दल, हे मी विचारलं नाही. त्याच दिवशी आप्पांनी आमच्याकडे फुकट जार पाठवला. तिने तो दारातून परत पाठवला. पण तहान काही मानी नसते. चार दिवसांनी तिने स्वतःच हाक मारून जार घरात घेतला, आणि पुढे आम्हीही गावासारखे जारचंच पाणी पिऊ लागलो. आप्पांचा तांब्या मात्र आमच्याकडे यायचा थांबला. ते आता सासुरवाडीहून, पेडगावच्या विहिरीचं पाणी कॅनमधून मागवत होते.

मग काही वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. मुलगा कारखाना बघू लागला होता, त्याने पेडगावची कॅन बंद केली. घरात एवढं पाणी असताना बाहेरून कशाला, हा त्याचा हिशेब व्यवहाराला धरूनच होता. आप्पांनी जारचं पाणी तोंडात घेतलं की थुंकून टाकायला सुरुवात केली. औषधाची गोळीसुद्धा गिळेनात. एका दुपारी त्यांच्या सूनबाई आमच्या दारात आल्या, हातात तो जुना पितळी तांब्या. "सारखं तुमच्या आडाचं पाणी मागायलेत, काकू. आड आटलाय ते ध्यानातच न्हाई त्यांच्या."

बायकोने तांब्या घेतला, घासून लखलखीत केला आणि स्वयंपाकघरातल्या जारमधून भरला. मी काही बोलणार होतो, तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

आप्पा पार वाळले होते, पण नजर तीच. तांब्या बघून पुटपुटले, "घरचं हाय का जारचं?"

"घरचं हाय, आप्पा. आत्ताच शेंदलंय," बायको म्हणाली.

गोळी गिळून ते अर्धा तांब्या पाणी प्यायले. हनुवटीवरून ओघळलेलंही त्यांनी बोटाने टिपून चाटलं. "साखर," ते म्हणाले. "वैनी, जारच्या पाण्याला ही चव न्हाई."

मग रोज दुपारी ती तांब्या नेत राहिली, ते होते तोवर. गेले त्याच्या आदल्या दिवशीही "साखर" म्हणाले.

त्यांना पोचवून आम्ही घरी आलो. पितळी तांब्या ओट्यावर तसाच होता, तळाशी थोडं पाणी. मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं, "त्यांना खोटं सांगताना तुला काही वाटलं नाही?"

"त्यांनी गावाला जे सांगितलं, तेच मी त्यांना सांगितलं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक खूश झालं की न्हाई?"

मग तिला रडू फुटलं. डोळे पुसत ती तांब्या घेऊन अंगणात गेली, तुळशीपाशी क्षणभर थांबली, आणि ते पाणी तुळशीला न घालता कोरड्या आडात ओतून आली.