बारा सेकंदांच्या आत

माणगावात हायवेला लागून आमचं गॅरेज होतं. पुढं दुरुस्तीला आलेले ट्रक उभे असायचे आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांची गाडी. दोन दारांची, बुटकी, परदेशी स्पोर्ट्स कार. मुंबईच्या कुणा हौशी माणसानं ती झाडावर घातली होती. भंगारात निघालेली ती गाडी ह्यांनी टेंपोवर घालून आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ह्याच्यात ना भात मावत, ना सुपारी. करायचीय काय?"

ह्यांना करायचं होतं एवढंच, की पाव मैलाची सरळ पट्टी बारा सेकंदांच्या आत पार करायची. घाटावर एका वापरात नसलेल्या धावपट्टीवर वर्षातून एकदोनदा अशा शर्यती व्हायच्या. दिवा हिरवा झाला की उभ्या गाडीनं सुटायचं आणि शेवट गाठायचा. बास.

त्यासाठी गाडीचं काय काय केलं! इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, हवा थंड करणारा नवा रेडिएटर पुढं लावला, सायलेन्सरचा पाइप मोकळा केला. लॅपटॉप जोडून इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं ते नव्यानं बसवलं. मग वजन कमी करायला सुरुवात झाली. एसी गेला, गालिचे गेले, दारांच्या आतलं अस्तर गेलं. मागची सीट काढून आमच्या पडवीत ठेवली. सासूबाई तिच्यावर बसून तांदूळ निवडायच्या.

तरी दर वेळी बाराच्या वर. बारा पूर्णांक दोन. बारा पूर्णांक तीन. घरी परतलं की हे पुन्हा बॉनेट उघडायचे. "अजून ताकद पायजे," एवढंच म्हणायचे.

मी दिवेआगरची. लग्नाआधी वाडीतले नारळ-सुपारी पिकअपमध्ये भरून बोर्लीला मीच न्यायची, त्यामुळं गाड्यांचं मला नवल नव्हतं. पण माणसाचं लक्ष असतं ना. हे चालताना जॅकला अडखळायला लागले. जेवताना उजवीकडं ठेवलेली आमटीची वाटी दिसायची नाही, हात लागून सांडायची. दिवस कलला की काम बंद. मी विचारलं तर चिडायचे. एक दिवस शेडच्या दाराच्या कडेवर कपाळ फुटलं, तेव्हा मी ऐकलं नाही. मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले.

डॉक्टर बाई शांत बोलत होत्या. डोळ्याचा आतला पडदा कडेनं मरत चालला होता. नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसत होतं, आणि ती नळी आणखी बारीक होत जाणार होती. औषध नव्हतं. "गाडी आजपासून बंद," त्या म्हणाल्या. हे मान डोलवत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

परतताना मी चालवत होते. पेण मागं पडलं तशी ह्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "तू चालवशील?"

"चालवतेच आहे की."

"ही न्हाय गं. ती."

मी नाही म्हणणार होते. त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणवलं नाही.

पुढच्या शर्यतीला आम्ही गेलो. आदल्या दिवशी सरावाला मला दोनदा सोडलं. दोन्ही वेळा मी घाबरून मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. हे रागावले नाहीत. माझ्या हेल्मेटचा पट्टा चाचपून घट्ट करत म्हणाले, "चाकं फिरली तर फिरू दे. सरळ बग आणि शेवटापर्यंत पाय दाबून ठेव. बाकी गाडी बगंल."

खऱ्या वेळेला खांबावरचे पिवळे दिवे एकेक करत खाली उतरत आले, हिरवा लागला. मान मागं फेकली गेली, छातीवर कुणी गोणी टाकावी तसं झालं. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या रेघा धावत माझ्याकडं आल्या. मी पाय काढला नाही. फलकावर आकडा आला तो अकरा पूर्णांक आठ.

मी उतरले तेव्हा हे कठड्याला धरून उभे होते. लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. फलक लांब होता, त्यांना तो सापडत नव्हता. "किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि केवढ्यांदा तरी हसले. त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

घाट उतरल्यावर हळूच म्हणाले, "गाडीत कधीच काय कमी नव्हतं बग."

"म्हणजे?"

"शेवटाला मीच पाय काढायचो. कडेच्या रेघाच दिसायच्या न्हायत. वाटायचं, गाडी भरकटतेय. डोळ्यांचं हाय हे मला कळायचं न्हाय आणि मी टर्बो बदलत बसलो."

मी गाडी बाजूला घेतली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ते रडले नाहीत. मीच रडले.

नंतर मला पुन्हा शर्यतीला जावंसं वाटलं नाही. त्यांनीही कधी म्हटलं नाही. काही दिवस हे हातांच्या अंदाजानं ट्रकची कामं करत राहिले. एकदा तापलेल्या पाइपावर तळवा टेकला, तेव्हा मी गॅरेजला कुलूप लावायला लावलं. गाडी पुण्याच्या एकानं नेली. त्यानं शेडमधून बाहेर काढताना क्लच चुकीचा सोडला, गाडी कण्हली. ह्यांच्या कपाळावर आठी उमटली. आत जाऊन किती तरी वेळ हात धूत बसले.

आता आम्ही माझ्या माहेरी, दिवेआगरला असतो. मागं आलेल्या वादळानं झोपवलेल्या वाडीत नवी रोपं लावलीत. बोर्लीच्या बाजारला मी पिकअप काढली की हे शेजारी बसतात. सुरुवातीला विचारायचे, "कुठवर आलो? काय दिसतंय?" मी सांगायची, पूल आला, शाळा आली, कोळणी बसल्यात.

हल्ली विचारत नाहीत. मी आपली सांगत असते.