परबांचा गडगा

परब समोरच्याला आधी शिवी द्यायचे, मग नाव विचारायचे. लग्न होऊन मी घाटकोपरच्या आमच्या डोंगरवस्तीत आले आणि पहिल्याच दिवशी हंडा सावरताना त्यांच्या दगडांवर पाय दिला. "ए सटवे, उतर खाली! दगड हललो तर तुका थंयच बसवीन." मग सासूबाईंकडे वळून, "कोणाची गो ही?"

ते दगड म्हणजे त्यांचा गडगा. वर बिल्डर डोंगर कापत होता. झाडं गेली, माती उघडी पडली आणि पावसात ती थेट आमच्या घरांत यायची. संपात गिरणी सुटल्यावर परबांनी वस्तीच्या वरच्या अंगाला, कोकणात असतो तसा, सिमेंटशिवाय नुसता दगडावर दगड रचून बांध घातला. फटींतून पाणी निघून जाई, माती मागे राही. "पाणी सोडूचा, माती अडवूची," एवढं एकच वाक्य ते शिवी न घालता बोलत.

मागे साठलेला गाळ मात्र उपसावा लागे. पावसाळ्यात दर रविवारी परब दारं बडवत सगळ्यांना बाहेर काढायचे. तापाने फणफणलेल्या माझ्या नवऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. "मरूचा तर फावडा हातात घेऊन मर!" मी रडले, तर हसले. मला त्या माणसाचा मनापासून राग यायचा. पण घरात चिखल येत नव्हता, हेही खरं.

एका जुलैत ते भातलावणीला गावी गेले. गुडघे धरल्यामुळे त्यांची बायको, आमच्या सगळ्यांच्या वहिनी, मागे राहिल्या. वस्तीला हायसं वाटलं. मंडळाचे सेक्रेटरी शिरसाट म्हणाले, "एकदाचा पक्का करून टाकू ना यार, कटकटच मिटेल. म्हातारा पण खूश होईल." उघडीप मिळताच सगळ्यांनी मिळून गडग्याला दोन्ही अंगांनी सिमेंट फासलं. एक फट ठेवली नाही. सगळ्यांसाठी चहा वहिनींनीच केला.

मग पाऊस लागला तो थांबेचना. पाण्याला वाट उरली नव्हती. मागे तुंबत तुंबत त्याने गडगा मधोमध फोडला आणि दगडमातीसकट ते खालच्या पहिल्या खोलीवर आलं. खोली परबांची होती. वहिनी आत होत्या.

तार मिळाली तसे परब आले. क्रियाकर्म उरकलं. शिरसाट पाया पडायला वाकले, तेव्हा परबांनी सिमेंटचा एक ढलपा उचलून उलटसुलट पाहिला. "झकास काम केलास रे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे फावडी घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिलो. "काका, तुम्ही सांगाल तसे दगड लावतो," माझा नवरा म्हणाला. परब उठले. दोन्ही टोकांना अजून उभा असलेला गडगा त्यांनी पहारीने उचकटला आणि एकेक दगड नाल्यात लोटायला सुरुवात केली. त्यांना धरायला कुणी पुढे झालं नाही. सासूबाईंनी हात जोडले, "परबांनू, घरात पोरां आसत हो."

"माका ठाऊक आसा," परब म्हणाले, आणि त्यांनी पुढचा दगड लोटला.