यानाचा शेवटचा भाग

राग गिळावा, विसरून जावं, असं मला आयुष्यभर पुष्कळांनी सांगितलं. त्यातल्या एकानंही भर उन्हात गच्चीवर लोखंडी पाइप धरून रविवारची सकाळ काढलेली नव्हती. मी काढली होती. म्हणून मी राग गिळला नाही. बरणीत भरून ठेवला आणि लोणच्यासारखा मुरू दिला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नाशकात एका शाळेत चित्रकला शिकवायचो. नवीन लग्न झालेलं, सातपूरच्या अलीकडे एका बंगल्यात वरच्या मजल्यावर भाड्याची खोली, खोलीबाहेर पाय टाकला की गच्ची. मालक मूळचे निफाडकडचे. द्राक्षाची बाग भावावर सोपवून शहरात येऊन बसलेले. मोठे दिलदार गृहस्थ, असं सगळी कॉलनी म्हणायची. कॉलनीला ते समोरून दिसायचे, मला वरून.

कॉलनीतला पहिला टीव्ही त्यांचा. तेव्हा नाशकाला स्वतःचं प्रक्षेपण नव्हतं, मुंबईचं चित्र पकडावं लागे. घाट चढून येईपर्यंत ते बिचारं दमलेलं असायचं. त्याला पकडायला मालकांनी गच्चीवर उंच पाइप उभारला होता आणि त्याच्या टोकाला अँटेना बसवली होती. रविवारी सकाळी त्यांचा हॉल भरायचा. मालकीणबाई आत मिसळीची तर्री उकळत असायच्या आणि मालक सोफ्याच्या मधोमध बसायचे.

रविवारी एक इंग्रजी मालिका लागायची, अंतराळातली. पृथ्वी सोडून निघालेलं एक यान, त्यातली थोडीशी माणसं, एक बडबड्या यंत्रमानव आणि दर आठवड्याला नवा ग्रह. मालिकेचं नाव कोणालाच नीट घेता यायचं नाही, म्हणून आम्ही तिला नुसतं 'यान' म्हणायचो. इंग्रजीची बोंबच होती. मालक न विचारता अर्थ सांगायचे. दोन माणसं गंभीरपणे बोलू लागली की हे म्हणत, "आता पेट्रोल सपलंय त्यांचं." दर वेळी पेट्रोलच. मी मास्तर असल्यानं मला थोडंफार कळायचं, पण भाडेकरूनं मालकाला दुरुस्त करायचं नसतं.

मला ती मालिका वेड्यासारखी आवडायची. त्यात एक म्हातारा डॉक्टर होता. यानातले सगळे बंदुका घेऊन धावायचे आणि हा पिशवी घेऊन मागून चालत यायचा. कोणी त्याचं फारसं ऐकायचं नाही, आणि शेवटी त्याचंच खरं निघायचं. मी शाळेत फळ्यावर त्याला काढला होता, पिशवीसकट. मुलांनी तो महिनाभर पुसू दिला नाही.

सुरुवातीचे भाग मी हॉलमध्ये जमिनीवर बसून पाहिले. मग वाऱ्यानं पाइपाला ताणून धरणारी एक तार तुटली आणि पडद्यावर मुंग्या यायला लागल्या. मालक म्हणाले, "मास्तर, तुमी तर वरच राहता. जरा बघा ना." मी वर गेलो, पाइप हातात धरला आणि खालून आरोळी आली, "आलं! लय भारी आलं! तसंच धरून ठेवा!" हात सोडला की मुंग्या, धरला की चित्र. माझ्या अंगात असं काय होतं देव जाणे. एक तार बांधून घेतली असती तर काम झालं असतं. पण फुकटचा मास्तर वर असताना तार कशाला आणायची?

तेव्हापासून यान सुरू झालं की माझी रवानगी गच्चीवर. मध्ये चित्र टिकलं तर दहा-पंधरा मिनिटं खाली येऊन बघायचं, पुन्हा मुंग्या आल्या की वर. "चित्रकलेचा मास्तर अन् चित्रच दिसंना," असं मालक म्हणाले आणि तो विनोद कॉलनीत वर्षभर पुरला. मी हसायचो. मला आजही त्या हसण्याचीच जास्त लाज वाटते.

शेवटून दुसरा भाग मात्र मला पूर्ण पाहायला मिळाला. त्या दिवशी वारा पडला होता. एका बर्फाच्या ग्रहावर डॉक्टर कड्यावरून खाली गेला, तो मेला असं समजून यान उडून गेलं, आणि मग बर्फातून एक हात वर आला. तिथंच भाग संपला. पुढचा शेवटचा. सबंध आठवडा मी दुसरा विचार केला नाही. वर्गात पोरं विचारत होती, "सर, जातील का हो परत?" मी म्हणालो, सोमवारी सांगतो.

त्या रविवारी बायको मालेगावला माहेरी होती, बाळंतपणासाठी. वारा सुटलेला. मालक जिन्याशी येऊन म्हणाले, "मास्तर, आज शेवट हाय. आज काय हलू नका हं." मी म्हणालो, "मालक, अर्ध्या वेळानंतर कोणालातरी पाठवा, मलाही बघायचंय." ते म्हणाले, "धाडतो की."

मी पाइप धरला. "आलं का?" मी ओरडलो. "आलं! तसंच धरून ठेवा!" खालून डफासारखं संगीत, धडाम्-धुडूम, मग कोणीतरी रडल्याचा आवाज. मी कान देऊन ऐकत होतो. अर्धा वेळ झाला, कोणी आलं नाही. मग खाली शांत झालं. मला वाटलं, महत्त्वाचा प्रसंग असणार, आता हात काढला तर सगळ्यांचा शेवट जाईल. मी आणखी घट्ट धरला. पाइप तापला होता. थोड्या वेळानं तर्रीचा वास आला, चमच्यांचा आवाज आला, हसणं ऐकू आलं. तरी मी उभाच. इतका मूर्ख मनुष्य नाशिक जिल्ह्यात त्या दिवशी दुसरा नसावा.

शेवटी फाटकातून माणसं तोंड पुसत बाहेर पडताना दिसली. त्यातल्या एकानं वर पाहून विचारलं, "मास्तर, काय करताय वर?"

मी खाली गेलो. मालक सोफ्यावर पाव मोडत होते. मी दारातूनच विचारलं, "डॉक्टर सापडला का? शेवटी काय झालं?"

"काय व्हनार?" ते म्हणाले. "सपली."

मी आत पाऊल टाकलं तर ते म्हणाले, "आधी हात धुऊन या मास्तर. सोफ्याला लागंल." मी हात पाहिले. दोन्ही तळवे गंजानं लाल झाले होते. उरलेली मंडळी हसली. मी वर गेलो, हात धुतले आणि परत खाली गेलो नाही.

सोमवारी मुलांना मी काहीच सांगितलं नाही. शेजारपाजारचे शेवट सांगायला लागले की मी कानावर हात ठेवायचो. ऐकलेला शेवट मला नको होता. मला तो पाहायचा होता, बसून, आणि कोणाच्या तरी छाताडावर बसून पाहता आला तर अधिक बरं.

पुढं नाशकाला प्रक्षेपण केंद्र आलं, छोट्या अँटेनावर चित्र यायला लागलं. आम्ही सिडकोत स्वतःचं घर घेतलं. तिथंही गच्चीवर आधीच्या माणसानं सोडून दिलेला एक जुना पाइप होता, मोडक्या अँटेनासकट. बायको म्हणायची, भंगारात देऊन टाका. मी म्हणायचो, असू दे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा माझा मेहुणा आखातातून सुट्टीवर आला. येताना व्हीसीआर आणला आणि कॅसेटचा एक खोका. "भावजी, तुमचं ते यान," तो म्हणाला. सगळे भाग होते. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण तो धाकटा.

मी त्याच संध्याकाळी एकटा बसून शेवट पाहू शकलो असतो. बायकोही तेच म्हणाली. मी म्हणालो, नाही. पहिल्यापासून पाहायचं, रविवारी सकाळी, मिसळ करून. आणि जुन्या कॉलनीतल्या मंडळींना बोलवायचं. मालकांना आधी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "अजून?" ती म्हणाली.

"अजून," मी म्हणालो.

मालक दर रविवारी यायला लागले, मालकीणबाईंना घेऊन. मी त्यांना खुर्ची द्यायचो, पाव गरम करून द्यायचो. पुन्हा पाहताना यान अगदीच पुठ्ठ्याचं निघालं. दार लावलं की भिंत हलायची, ग्रहावरचे दगड लाथेनं उडायचे. तरी माझा जीव तसाच अडकला, उलट जास्तच. आणि इतक्या वर्षांनी नीट ऐकलं तर पेट्रोल एकदाही संपलेलं नव्हतं.

डॉक्टर कड्यावरून पडला, बर्फातून हात वर आला. त्या रविवारी निघताना मालक चपला घालत म्हणाले, "मास्तर, ह्याचा शेवट काय होता वो? मी तर पार इसरलो."

विसरले. ज्या शेवटासाठी मी इतकी वर्षं कान झाकून फिरलो, तो हा माणूस मिसळीबरोबर खाऊन विसरून गेला होता. तोवर मी फक्त मनातल्या मनात मांडे खात होतो. त्या वाक्यानंतर मी ठरवलं.

शेवटच्या रविवारी सगळे जमले. मी मशीनपाशी बसलो. भाग सुरू झाला आणि मी मशीनवरची, चित्र जुळवायची ट्रॅकिंगची चकती हळूच फिरवली. पडद्यावर पट्टे आले, मुंग्या आल्या. खोटं बोलायची गरजच नव्हती, माझा मालकांवर पूर्ण विश्वास होता.

"अँटेना हलली," मालक लगेच म्हणाले. "वर जाया पायजे कुनीतरी."

मेहुण्यानं तोंड उघडलं. बायकोनं त्याच्या पुढ्यात मिसळीची ताटली ठेवली आणि ती म्हणाली, "तू खा."

"मी गेलो असतो," मी म्हणालो, "पण हे मशीन सोडता येत नाही. आणि अँटेनातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं मालक?"

झालं. स्वारी उठली. व्हीसीआरचा आणि अँटेनाचा काही संबंध नसतो हे खोलीत बहुतेकांना ठाऊक होतं. कोणी त्यांना अडवलं नाही. मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. तेव्हाच्या त्या रविवारी त्याही आत तर्री ढवळत होत्या, त्यांनीही शेवट पाहिला नव्हता.

वरून हाक आली, "आलं का?"

मी चकती जागेवर आणली. चित्र आरशासारखं झालं. "आलं!" मी ओरडलो. "लय भारी आलं! तसंच धरून ठेवा!"

आणि मी मांडी घालून बसलो आणि पाहिलं. यानात भांडण झालं. अर्धे म्हणाले, तो मेला, पुढे चला. कप्तान बराच वेळ काचेतून बाहेर बघत राहिला. मग त्यानं यान वळवलं. एका माणसासाठी सबंध यान वळवलं. बर्फाच्या गुहेत डॉक्टर बसला होता, दाढी वाढलेली, पिशवी मांडीवर. कप्तान आत आला. डॉक्टरनं वर पाहून फक्त एवढंच विचारलं, "इतका उशीर?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात वरून आवाज आला, आधीपेक्षा दमलेला. "मास्तर, येऊ का खाली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनंही पाहिलं.

"थांबा," मी ओरडलो. "अजून चालू आहे."

नावं वर सरकली, संगीत थांबलं, पडदा निळा झाला. मिसळ वाढली गेली. मी हाक मारली नाही. सगळे सावकाश जेवले, मालकीणबाईंनी दुसऱ्यांदा तर्री मागून घेतली. मग जिन्यावर पावलं वाजली आणि मालक दारात आले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, दोन्ही तळवे लाल.

"सापडला का त्यो डाक्टर?" त्यांनी विचारलं. खरंच जीव लावून विचारलं, ते मला कळलं.

"काय व्हनार?" मी म्हणालो. "सपली."

मग त्यांनी स्वतःचे हात पाहिले, आणि मला दिसलं की एवढं मात्र ते विसरले नव्हते. ते खुर्चीकडे यायला निघाले तसा मी उठलो.

"आधी हात धुऊन या मालक," मी म्हणालो. "खुर्चीला लागेल."

कोणी हसलं नाही. ते मागच्या मोरीत गेले, नळ वाजला, आणि ते मागच्या दारानंच निघून गेले. मालकीणबाई थोडा वेळ बसल्या आणि मग त्यांच्या मागून गेल्या. जाताना माझ्या बायकोला म्हणाल्या, तर्री चांगली झाली होती.

सगळे गेल्यावर मी कॅसेट मागे नेली आणि शेवट पुन्हा लावला. कप्तानानं पुन्हा यान वळवलं. डॉक्टर पुन्हा सापडला.