डिझेलच्या विमानाचा विक्रम
डिझेलचा वास आला की आखातातल्या सहममधलं आमचं वर्कशॉप आठवतं. मच्छीमार बोटींची इंजिनं आम्ही तिथे दुरुस्त करायचो. गावी आई आजारी, म्हणून मी सुट्टी मागितली. फोरमन आमच्याच रत्नागिरीकडचे. चहा पिता पिता त्यांनी मोबाईलवर जुन्या डिझेल विमानाचा व्हिडिओ दाखवला. "बघ, वाटेत तेल न भरता रात्रंदिवस हवेत राहिलं. विक्रम केला रे! आणि तुला दोन वर्षांत घर आठवतं? सीझन खलास होऊ दे, मग जा, इन्शाल्ला." मी पाना उचलला. सीझन संपायच्या आधीच आई गेली. परवा तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. विमान कुठेच गेलं नव्हतं, एकाच किनाऱ्यावर घिरट्या घालत होतं. तरी ते उतरलं तेव्हा खाली त्याची वाट बघणारं कुणीतरी होतं.