दुसऱ्या पंपाला फक्त हार होता

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. नववीत शाळा सुटली, आणि टाईप करायला मला लई वेळ लागतो.

आमच्या नव्या कॉलनीचे सांडपाण्याचे दोन पंप आज पालिकेच्या ताब्यात जाणार होते. एक सही झाली की बिल्डर मोकळा. एक पंप चिंध्यांनी अडकला की दुसरा चालू व्हायला पाहिजे. नाही झाला तर घाण पाणी आमच्या बाथरूममधून वर येतं, कारण आमचं घर सगळ्यात उतारावर. या पावसात तीनदा आलं. आई आणि मी बादलीने उपसलं.

बिल्डरच्या सुपरवायझरने दोन्ही पंपांना हार घातले, नारळ फोडला. पालिकेचे साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर मंडपातच बसले. पहिला पंप घुरघुरला आणि साहेबांनी पेन काढला.

"दुसरा?"

"बठ्ठं बेस शे साहेब," कॉलनीचे अध्यक्ष नाना पेढा चावत बोलले, म्हणजे सगळं झकास आहे. नानांनी पंपघरात कधी पाऊल टाकलं नाही.

मला चारचौघांत बोलता येत नाही. मी गुपचूप आत गेली आणि दुसऱ्या पंपाचं हिरवं बटन दाबलं. काहीच झालं नाही.

"लाईट गेली वाटतं!" सुपरवायझर ओरडला. मंडपातला पंखा गरगर फिरत होता.

शेवटी साहेब आत आले. पंपाला वायरच जोडलेली नव्हती. सही राहिली.

नाना मला म्हणतात, "पोरी, चांगल्या कामात नाट लावला तू."

एवढे शिकलेले लोक, आणि एकालाही बटन दाबावंसं वाटलं नाही? तुमच्याकडे पण हार घातला की काम झालं असंच धरतात का?

हे टाईप करता करताच जामनेरहून फोन आला, मावशीला मुलगी झाली. चला, आज एक तरी काम खरंच झालं.