हातात आहे, डोक्यात नाही
पंधरा-वीस पाहुण्यांसमोर कोचनी मला विचारलं, “स्टिक खाली येताना तुझं मनगट कधी वळतं?”

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

म्हसळ्याजवळच्या त्या गोल्फ क्लबात मी गवत कापायचे. मेंबर घरी गेले की टाकाऊ स्टिकने चेंडू मारायचे. कोणी शिकवलं नाही. चेंडू सरळ जायचा, बस्स. कोचनी एकदा बघितलं. तेव्हापासून पाहुणे आले की मला गवतातून उठवून उभं करायचे. मी मारायचे, पाहुणे टाळ्या वाजवायचे. मला तो मान वाटला.

मग मेंबरांच्या मुलांना शिकवायची जागा निघाली. मी कोचना म्हटलं, मला द्या. त्याचं उत्तर त्यांनी असं चारचौघांत दिलं.

“ह्या लोकांच्या हातात असतं, डोक्यात नसतं,” ते पाहुण्यांना म्हणाले. “मासा पोहतो. म्हणून पोहायला शिकवेल का?”

सगळे हसले. मग मला म्हणाले, मार.

मारताना आयुष्यात पहिल्यांदा मी मनगटाकडे लक्ष दिलं. चेंडू घरंगळत जाऊन तळ्यात पडला. पुन्हा हसले. एका बाईने मोबाईल वर धरला आणि परत मारायला सांगितलं, आधीचं नीट आलं नव्हतं म्हणून.

“नाही मारणार,” मी म्हटलं. “आधी मला कळू दे.”

“कळून काय करणार?” कोच म्हणाले. “तुला मारायला ठेवलंय.”

“गवत कापायला ठेवलंय.”

स्टिक तिथेच टाकली. दुसऱ्या दिवशी वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं.

आता कापणी झालेल्या शेतात मारते. क्लबातून कधीतरी घरी आणलेल्या एका मोडक्या स्टिकने. हात थांबवून, खांदा बघून, पाय बघून. जे आपोआप यायचं ते गेलं. दहातला एकही सरळ जात नाही. बांधावरून गावातली माणसं बघतात, तोंड फिरवून हसतात. आई म्हणाली, “हात गेला गो तुजा. पयलं बरं व्हतं.”

खरं आहे. पयलं बरं होतं. ते परत येईल की नाही, ठाऊक नाही.

पण काल चेंडू डावीकडे गेला आणि तो का गेला ते मला कळलं. मनगट लवकर वळलं होतं. मी तिथे एकटीच होते. टाळी नव्हती.

हात गेला तर जाऊ दे. न कळता मी आता कुणापुढे एकही चेंडू मारणार नाही.